सोळाच का, हे त्याला विचारलंत का?

प्रश्न: ताई, माझा मुलगा दहा वर्षांचा आहे. यंदा शिष्यवृत्तीला बसलाय. भाषा, गणित बरं आहे, पण सराव पेपरात बुद्धिमत्ता चाचणीला १०० पैकी ३८ च्या वर जात नाही. क्लासचे सर म्हणाले, "याचं डोकं त्यात चालत नाही." परवा ९, १६, २५, २७ यांतलं गटात न बसणारं पद ओळखायचं होतं, याने १६ वर खूण केली. मी चिडून हात उगारला. शेजारणीने मुलीला मेंदू तल्लख करतो म्हणणाऱ्या 'मिडब्रेन'च्या कोर्सला घातलंय, ती डोळ्यांवर पट्टी बांधून रंग ओळखते. फी वीस हजार. हे म्हणतात, उसने घेऊ पण घालू. मी स्वतः दहावी नापास. घरी मी काय शिकवणार?
– एक आई, इचलकरंजी

उत्तर: आधी वीस हजारांचं बघू, कारण ते घाईचं आहे. भरू नका. पट्टी कितीही घट्ट बांधली तरी नाकाच्या दोन्ही बाजूंना फट राहते आणि मुलं त्यातून बघतात. अंनिसचे (अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे) कार्यकर्ते हे कितीदा तरी सांगत आलेत. ती फट नीट बुजवा किंवा वस्तू डोक्यामागे धरा, रंग ओळखणं थांबतं. शेजारच्या मुलीला मात्र यावरून काही बोलू नका. मोठ्यांना खूश ठेवायचं ओझं त्या पोरीवर आधीच आहे.

आता तो सोळा. तुम्ही हात उगारलात, पण सोळाच का, हे विचारलंत का? माझा अंदाज सांगते. ९, २५, २७ या विषम संख्या, सम फक्त १६. पेपर काढणाऱ्याच्या मनात वर्गसंख्या होत्या: ३ चा ९, ४ चा १६, ५ चा २५. म्हणून त्याचं उत्तर २७. गुण २७ लाच मिळणार, त्यात वाद नाही. पण अंदाज खरा असेल तर तुमच्या मुलाने नियम शोधला, चारही संख्यांना लावून पाहिला आणि न बसणारी बाहेर काढली. तर्क म्हणतात तो हाच. त्याला आता शिकायचंय ते इतकंच, की पहिला नियम सापडला म्हणून तिथे थांबायचं नाही. आणखी एखादा दडलाय का बघायचं, आणि जो जास्त नेमका तो धरायचा. हे सरावाने येतं. डोकं चालतंय त्याचं.

घरी काय शिकवणार म्हणता? शेंगदाणे घ्या. 'एक मुलगा रांगेत डावीकडून सातवा आणि उजवीकडून नववा, तर रांगेत एकूण किती?' पोरं पटकन १६ म्हणतात. क्लासात 'बेरीज करून वजा एक' असं पाठ करून घेतात, की झालं. तुम्ही सोललेले दाणे ओट्यावर मांडा, सातवा तेवढा सालीसकट ठेवा. त्याच्या डावीकडे सहा, उजवीकडे आठ. मोजू दे त्याला. पंधरा भरतात. एक कुठे गेला? थोड्या वेळाने त्याचं बोट आपणहून त्या सालीच्या दाण्यावर जाईल: हा दोनदा मोजला! मग तो 'वजा एक' त्याचा स्वतःचा झाला. लगेच पुढचं विचारा: रांग वीसची, एकजण डावीकडून सातवा, दुसरा उजवीकडून नववा, दोघांच्या मध्ये किती? सूत्र घोकलेली मुलं इथे गडबडतात. तुमचा मुलगा दाणे मांडेल आणि चार म्हणेल.

या कामात तुमचं दहावी नापास असणं अडचण नाही, उलट सोय आहे. मी तीस वर्षं मास्तरकी केली आणि माझ्याच मुलाला कधी वाक्य पुरं करू दिलं नाही, कारण उत्तर मला आधीच दिसायचं. तुम्ही खरोखरच "मला नाही कळलं, सांग बरं" म्हणू शकता. समजावून सांगताना मूल आपली चूक स्वतःच पकडतं. फक्त मध्ये बोलायचं नाही. फार अवघड आहे ते.

यजमानांनाही एक काम द्या. केस कापायला जाताना त्याला सोबत न्यायचं. समोरच्या आरशात मागच्या भिंतीवरचं घड्याळ दिसतं, त्यात ७:४० दिसले तर खरे किती वाजले? (४:२०.) आरशातल्या प्रतिमेचा धडा तिथे पुस्तकापेक्षा लवकर कळतो. रविवारी बदाम सात खेळा, कुणी कुठलं पान दाबून ठेवलंय हे ओळखणं म्हणजे अनुमानच. सापशिडीत मात्र फाशाशिवाय काही नाही. अबॅकसने आकडेमोड भरभर होईल, पण तुमच्या मुलाचं अडलंय ते तिथे नाही.

वेळेचं म्हणाल तर बुद्धिमत्तेचे ५० आणि इंग्रजीचे २५ प्रश्न मिळून ९० मिनिटं असतात, म्हणजे वेग लागतोच. पण घड्याळ लावून सोडवणं शेवटच्या महिन्यावर ठेवा. तोवर रोज पाचच प्रश्न, आणि प्रत्येकाला 'कसं काढलंस?'

सोळाचं तेवढं आजच मिटवा. झोपायच्या आधी विचारा. सम-विषम म्हणाला, तर "मला हे सुचलंच नव्हतं" म्हणा आणि हात उगारल्याबद्दल माफीही मागा. दुसरंच काही सांगितलं तर मला जरूर कळवा, मलाही ऐकायचंय.