थ्रॉटल बॉडीचं कूलंट बायपास केलं तर जळगावच्या उन्हात गाडीला फायदा होईल का?

नाही, जाणवेल असा फायदा होत नाही. थ्रॉटल बॉडी म्हणजे इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणारा भाग. त्यातून इंजिनचं गरम कूलंट फिरतं; ते तिथे न नेता परस्पर पुढे वळवणं म्हणजे बायपास. हवा थ्रॉटल बॉडीतून क्षणार्धात निघून जाते, तेवढ्यात ती फारशी तापत नाही. भुसावळ-जळगावकडे मे महिन्यात पारा 45 अंशांवर जातो, तेव्हा खरी गरम हवा बॉनेटखालून येते. एअर फिल्टरला बाहेरची हवा आणणारा पाइप निसटला किंवा फाटला असेल तर आधी तो नीट करा.

कूलंट तिथे फिरवतात ते थंड, दमट हवेत थ्रॉटलच्या पाकळीवर बर्फ धरू नये म्हणून. खान्देशात ती वेळ क्वचितच येते. पण हिवाळ्यात हिमाचलला जाणार असाल तर लाइन काढू नका. काही जुन्या गाड्यांत आयडल व्हॉल्व्हमधलं (ॲक्सिलरेटर न दाबता इंजिनचा वेग सांभाळणाऱ्या झडपेतलं) मेण कूलंटच्या उष्णतेनेच फुगतं. तिथे बायपास केलं की इंजिन तापलं तरी आरपीएम चढाच राहतो.

थ्रॉटल बॉडीतूनच कूलंट गळत असेल, तर तात्पुरता बायपास मात्र योग्य. इंजिन पूर्ण थंड झाल्यावरच कूलंटचं झाकण उघडा. दोन्ही होज काढून आतल्या व्यासाच्या मापाचा पितळी जॉइंटर घाला, दोन्हीकडे क्लिप कसा. होजची तोंडं वेगवेगळी बुजवू नका, प्रवाह अडतो. मग त्याच प्रकारचं कूलंट भरून हवा काढा. हवा अडकून राहिली तर इंजिन ओव्हरहीट होतं, आणि आपल्याकडच्या उन्हात हेड गॅस्केट (इंजिनच्या हेड आणि ब्लॉकमधलं सील) जायला वेळ लागत नाही.