एर्मिताजच्या ७२ बाटल्या आणि पुण्यातली न सांगितलेली एफडी

फ्रान्समधल्या ल्यों शहरातून एका वाचकाचं पत्र आलं आहे. पाच वर्षांपासून नोकरीनिमित्त तिथे आहेत, मुलगी दोन वर्षांची. एका वाइन-गुंतवणूक कंपनीने त्यांना एर्मिताजच्या ७२ बाटल्या सरासरी २०० युरोंनी, म्हणजे १४,४०० युरोंना देऊ केल्या आहेत. 'वर्षाला १२% वाढ, सोळा वर्षांनी मुलीच्या कॉलेजसाठी ८८ हजार युरो.' पैसे पुण्याच्या एफडीतून आणायचे आहेत. प्रश्न एकच : घेऊ का?

तुमच्या पत्रातलं शेवटून दुसरं वाक्य मी तीनदा वाचलं. 'एफडी जुन्या सेव्हिंग अकाउंटवरच आहे, आणि ते भारतातलं असल्यामुळे इकडे दाखवायचा प्रश्न आला नाही.' प्रश्न आला आहे, आणि तो वाइनपेक्षा मोठा आहे. पण आधी वाइनचं बोलून घेऊ, कारण तिच्याबद्दल तुमचं प्रेम खरं आहे.

एर्मिताज ही थोर वाइन आहे, यात वाद नाही. रोन नदीच्या डाव्या काठावर, तँ गावाच्या डोक्यावर एकच टेकडी, जेमतेम १४० हेक्टर. १९३७ पासून नावाला कायद्याचं संरक्षण आहे, त्यामुळे टेकडी वाढवता येत नाही. लाल वाइन सिरा द्राक्षाची. टेकडीच्या पश्चिमेकडच्या बेसार या भागातल्या ग्रॅनाइटवर ती कडक आणि ताठ होते, शेजारच्या मेआलमध्ये भरदार. चांगल्या सालची बाटली वीस-तीस वर्षं सहज टिकते. तरुणपणी ती तोंड आवळते, मग काही वर्षं अगदी मुकी होते आणि नंतर उलगडते. १९६१ च्या 'ला शापेल' या नामांकित एर्मिताजच्या बारा बाटल्या २००७ साली लंडनच्या लिलावात एक लाख वीस हजार पौंडांच्या वर गेल्या. विक्रेत्याने तुम्हाला हीच गोष्ट सांगितली असणार.

त्याने पुढची गोष्ट सांगितली नाही. 'ला शापेल' करणाऱ्या झाबुले घराण्यातले गेरार झाबुले १९९७ मध्ये गेले आणि २००६ मध्ये घराणं दुसऱ्यांच्या हाती गेलं. मधल्या सालांच्या बाटल्यांना जाणकार १९७८ किंवा १९९० च्या पंगतीला बसवत नाहीत. टेकडी तीच, नाव तेच, लेबलही तेच. वाइन टिकते म्हणून भाव वाढतो असं नाही. घेणारा असावा लागतो, आणि एर्मिताजचे घेणारे बोर्दो-बर्गंडी भागांतल्या वाइनच्या मानाने फार थोडे. महागड्या वाइनचा सगळा बाजारच २०२२ च्या अखेरीपासून दोन वर्षांहून जास्त काळ घसरत होता. बारा टक्के कुठून आले, हे त्या माणसाला लेखी विचारा.

आता तुम्ही पाठवलेल्या कराराचा हिशेब. तीच बाटली तुमच्या गल्लीतल्या दुकानात १७० ला मिळते, असं तुम्हीच लिहिलंय. म्हणजे पहिल्याच दिवशी १४,४०० चे १२,२०० झाले. वर्षाला ५% वाढ धरू, हीसुद्धा उदारपणे. सोळा वर्षांनी साधारण २६,७००. विकताना १०% कमिशन गेलं, साठवण आणि विम्याचे वर्षाला १% गेले. हातात २१,७००, म्हणजे वर्षाला अडीच टक्क्यांच्या आसपास. फ्रान्समध्ये ५,००० युरोंवरच्या अशा विक्रीवर नफ्याचा करही लागतो. तो पूर्ण माफ होतो २२ वर्षांनी, आणि मुलगी अठराची होणार सोळा वर्षांनी.

करारात आणखी एक गोष्ट नाही. पेट्यांचे नंबर नाहीत. 'कंपनीच्या साठ्यातून ७२ बाटल्या' एवढंच. कंपनी उद्या बुडाली तर त्या बाटल्या तुमच्या आहेत हे कशावरून दाखवणार? असा कागद मी कुणालाही सही करू देणार नाही.

तेव्हा वाइनला नाही. आता एफडी.

फ्रान्समध्ये राहणाऱ्याचं जगभरातलं उत्पन्न फ्रान्सच्या करात येतं. आणि उत्पन्न असो नसो, परदेशातलं प्रत्येक खातं दरवर्षी ३९१६ नंबरच्या फॉर्मवर सांगावं लागतं. तुमची पुण्यात दोन बँकांत दोन खाती. शिवाय नात्यातल्या एजंटाने गळ्यात मारलेली ती मनीबॅक पॉलिसी, तीही सांगावी लागते. न सांगितल्याचा दंड प्रत्येकी, दर वर्षी १,५०० युरो. तीन गुणिले चार वर्षं धरा : १८,००० युरो. तुमच्या सगळ्या बाटल्यांपेक्षा जास्त.

आणि हे वाचवण्यासाठी किती भरायचं होतं? तुमच्या एफडीतल्या तीस लाखांवर ७% नी वर्षाला २ लाख १० हजार, सुमारे २,१०० युरो. तीस टक्के कर, त्यातून भारत-फ्रान्स कर-करारानुसार भारतातला दहा टक्के कर वजा : चारशेच्या थोडं वर. चार वर्षांचे सतराशे युरो. एवढ्यासाठी माणूस अठरा हजारांच्या दंडाखाली झोपतोय, हे मला बघवत नाही.

भारताच्या बाजूनेही चूक आहे. परदेशी स्थायिक झाल्यावर साधं सेव्हिंग खातं तसंच चालवता येत नाही, ते एनआरओ, म्हणजे अनिवासी भारतीयाचं खातं, करावं लागतं. ते केलं की बँकेच्या नोंदीत ल्योंचा पत्ता लागेल, आणि दोन्ही देशांत खात्यांची माहिती दरवर्षी आपोआप जाते. म्हणून क्रम महत्त्वाचा. या आठवड्यात ल्योंमधल्या कर-वकिलाची वेळ घ्या आणि मागच्या वर्षांची दुरुस्त विवरणपत्रं स्वतःहून भरा. आपलं पत्र येण्याआधी स्वतःहून पुढे आलेल्या माणसाशी कर खातं वेगळं वागतं. त्याच वेळी पुण्याच्या सीएला खाती बदलायला सांगा. तोवर एफडी मोडू नका. नंतर पैसे एनआरओमधून कर खात्याचा फॉर्म आणि सीएचा दाखला भरून रीतसर नेता येतात.

पॉलिसीचंही तेव्हाच बघा. वर्षाला साठ हजार हप्ता आणि विमा पाच लाखांचा! तुमच्या ल्योंमधल्या दीड-दोन महिन्यांच्या पगाराएवढा. तुम्हाला काही झालं तर बायको-मुलीचं भाडंसुद्धा त्यातून वर्षभर निघणार नाही. हिशेब करून बंद करा आणि तिथेच साधा मुदतीचा विमा घ्या.

मुलीसाठी पीईए, म्हणजे फ्रान्समधल्या कर-सवलतीच्या शेअर-गुंतवणूक खात्यात कमी खर्चाचा इंडेक्स फंड पुरेसा आहे. ६% धरले, खात्री कुणीच देणार नाही, तरी १४,४०० चे सोळा वर्षांत ३६ हजार होतात, आणि हवे तेव्हा निघतात.

हे सगळं मार्गी लागलं की एखाद्या शनिवारी लोकल गाडीने तँला जा. तासाभराचा रस्ता आहे. टेकडीवरच्या भिंतींवर व्यापाऱ्यांची नावं डब्यातूनच दिसतात. मुलीच्या जन्मवर्षाच्या सहा बाटल्या घ्या, तुमच्या इमारतीच्या तळघरात आडव्या ठेवा. माझ्या एका अशिलाने बारा बाटल्या हीटरच्या वरच्या कपाटात उभ्या ठेवल्या होत्या. दहा वर्षांनी बुचं आकसलेली, वाइन मानेवरून खांद्यापर्यंत उतरलेली, लेबलांवर ओघळ. सहापैकी एकही विकायची नाही, एवढं ठरवूनच घ्या.