आधी काम, मग मशीन

प्रश्न : मी गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत सीएनसी (संगणकाच्या प्रोग्रॅमवर धातू कापणारं मशीन) ऑपरेटर आहे. आयटीआय झालंय, नोकरीला सात वर्षं झाली. स्वतःचं काही सुरू करायची फार इच्छा आहे, पण आमच्या घरात कुणी कधी धंदा केलेला नाही. वडील म्हणतात, धंदा रक्तात असावा लागतो. उद्योजकाचे गुण आपल्यात आहेत का, हे कसं ओळखायचं? आणि कमी भांडवलात कोणता धंदा धरावा?
– एक वाचक, कणेरी

उत्तर : वडिलांचा मान ठेवून सांगतो, हे रक्ताचं मला पटत नाही. मी कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथवर काम शिकलो. तिथल्या कितीतरी शेडचे (छोट्या कारखान्यांचे) मालक शेतकऱ्यांची नाहीतर सुतार-लोहारांची पोरं होती, आणि घरात हिशेबाची वही पहिल्यांदा त्यांनीच आणली होती. त्याच्याही आधीचं बघा. गंगाराम कांबळे यांनी कोल्हापुरात हॉटेल काढलं, तेव्हा अस्पृश्य मानलेल्या माणसाच्या हातचा चहा कोण पिणार, असा तो काळ. शाहू महाराज स्वतः तिथं थांबून चहा घेऊ लागले आणि सोबतच्यांनाही घ्यायला लावू लागले. कांबळ्यांना हॉटेलचा वारसा कुठून असणार? त्यांच्याकडे धाडस होतं आणि पहिलं गिऱ्हाईक मिळालं.

आता गुणांचं. डेव्हिड मॅक्लेलँड नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी यावर आयुष्यभर काम केलं. १९६४ मध्ये त्यांनी आपल्याच देशात, आंध्रातल्या काकीनाड्यात, छोट्या व्यावसायिकांना प्रशिक्षण देऊन पाहिलं. हे गुण शिकवून वाढतात का, हाच प्रश्न होता, आणि प्रशिक्षण घेतलेली मंडळी पुढं धंद्यात जास्त हालचाल करताना दिसली. त्यांच्या अभ्यासातला कडी फेकायचा खेळ मला फार आवडतो. समोर एक खुंटी, हातात कड्या, कुठून फेकायच्या ते तुम्ही ठरवायचं. काहीजण खुंटीला चिकटून उभे राहतात, काहीजण लांबून नशिबावर फेकतात. काही करून दाखवायची ओढ असणारी माणसं मधलं अंतर धरतात, म्हणजे चुकायची शक्यता आहे पण नेम सुधारला तर जमेल असं. एक कडी हुकली की पाऊलभर पुढं-मागं होऊन पुन्हा फेकतात.

तुम्ही स्वतःला एवढंच विचारा. नवीन प्रोग्रॅमचा पहिला पीस बाद झाला तर तुम्ही ऑफसेट (मशीनला दिलेली मापाची दुरुस्ती) बघता, इन्सर्ट (कापणारं पातं) बघता, की सेटरला (मशीन लावून देणाऱ्याला) हाक मारून चहाला जाता? पहिल्या जातीचे असाल तर पुरेसं आहे. बाकी गोड बोलणं, हिशेब, वसुली हे सगळं करता करता येतं.

कोणता धंदा, याचं उत्तर तुमच्या मशीनच्या टाकीत आहे. सुट्टीनंतर पहिल्या पाळीला दार सरकवलं की कूलंटचा (धातू कापताना गार ठेवायला सोडतात त्या पाण्याच्या मिश्रणाचा) नासका वास येतो ना? स्लाइडला (मशीनच्या सरकत्या भागाला) सोडलेलं तेल गळून टाकीत उतरतं आणि दुधावर साय धरावी तसं वर पसरतं. मशीन बंद असलं की कूलंट फिरत नाही, खाली हवा पोचत नाही, आणि हवेशिवाय जगणारे जिवाणू फोफावतात. मग वास, ऑपरेटरच्या हाताला खाज, तयार जॉबवर (बनवलेल्या भागावर) गंज आणि टूल लवकर जाणं, सगळं मागोमाग येतं. टाकी साफ करायचं काम कुणालाच नको असतं. मालक म्हणतो प्रॉडक्शन थांबेल, ऑपरेटर म्हणतो हे माझं काम नाही. ज्या कामावरून शेडमध्ये रोज दोन माणसं एकमेकांकडे बोट दाखवतात, तिथं तिसऱ्याला धंदा असतो.

सुट्टीच्या दिवशी जाऊन टाकी उपसायची, तळातला चुरा आणि गाळ काढायचा, टाकी धुवायची, कूलंट नव्यानं मिसळायचं. पुढं दर आठवड्याला वरचं तेल काढायचं आणि रिफ्रॅक्टोमीटरनं (मिश्रण किती दाट ते दाखवणाऱ्या उपकरणानं) प्रमाण मोजून कार्डावर लिहायचं. (त्याचं रीडिंग म्हणजे थेट टक्के नव्हेत, कूलंटच्या कंपनीनं दिलेल्या आकड्यानं गुणावं लागतं. हे बऱ्याच सुपरवायझरनाही माहीत नसतं.) लागतं काय? एक रिफ्रॅक्टोमीटर, तेल ओढणारा स्किमर, ट्रॉलीवरचा पंप आणि सुट्टीच्या दिवशी हात काळे करायची तयारी. महागडं मशीन मालकाचं, त्याचा हप्ता मालकाचा. तुम्ही आणताय ते कसब. पहिल्या धंद्याला मी नेहमी हेच सुचवतो. नोकरी सोडू नका, पण मालकाला विचारून, त्याच्या गिऱ्हाइकाला धक्का न लावता दोन-तीन शेडची कामं धरा. पैसे देऊन लोक पुन्हा बोलावतायत का, ते बघा. बोलावलं नाही तर पाऊलभर सरका.

एक गोष्ट कळकळीनं सांगतो. उपसलेलं कूलंट आणि तेल गटारात किंवा ओढ्यात सोडायचं नाही. तो घातक कचरा आहे, त्याची विल्हेवाट परवानाधारकाकडूनच लागली पाहिजे. ती कोण आणि कशी लावणार, हे कारखानदाराशी आधी ठरवा आणि दरात धरा. आपली पंचगंगा आधीच पुष्कळ सोसते आहे.

उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगाची सरकारी नोंद) पहिल्याच महिन्यात करा. ती ऑनलाइन आणि मोफत आहे, कुणी एजंट पैसे मागत असेल तर देऊ नका. तिचा खरा उपयोग उधारी वसूल करायला होतो. कायद्यानं सूक्ष्म आणि लघु उद्योगाचं बिल, लेखी करार नसेल तर १५ दिवसांत आणि करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत गिऱ्हाइकाला चुकतं करावं लागतं. मुदत उलटली तर प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत त्या खर्चाची वजावट गिऱ्हाइकाला आयकरात मिळत नाही. बिलावर उद्यम क्रमांक छापा. अकाउंट्सवाल्यांचं लक्ष आपोआप जातं.

प्रश्न : मी घरी कांदा-लसूण चटणी करते. चव सगळ्यांना आवडते, पण किलोचा भाव ऐकला की बायका मागं फिरतात. भाव कमी करू का? उन्हाळ्यात मिरचीत पैसे अडकतात ते वेगळंच.
– एक वाचक भगिनी, कागल

उत्तर : ताई, भावाला हात लावायच्या आधी एकदा खरा हिशेब मांडा. मिरची आणलीत त्या वजनावर हिशेब धरू नका. वाळवून, देठं काढून डंकावर जाते तेव्हाचं वजन धरा. संकेश्वरी तिखटाला आणि ब्याडगी रंगाला, दोन्ही वेगवेगळी मोजा, कारण दोन्हींची घट सारखी नसते. खोबरं, धने, तीळ, लसूण, तेल, गॅस, कांडपाची मजुरी, पिशवी हे सगळं लिहाल, पण तुमची मजुरी लिहाल का? बहुतेक घरी ती लिहीतच नाहीत. कांदा चिरून, वाळवून, तळून होईस्तोवर बाईचा दिवस जातो. तो दिवस शेजारणीला करायला दिलात तर तिला जेवढे द्याल, तेवढे स्वतःच्या नावावर मांडा. एवढं करून भाव खाली येत असेल तर आणा. मला वाटतं, तो वर जाईल.

मग दोन वाटा धरा. पहिली मजुरीची. नोकरी करणाऱ्या बायकांना वर्षाची चटणी आपल्या घरच्या चवीचीच हवी असते, पण भाजायला-कुटायला वेळ नसतो. मिरची-मसाला त्यांनी आणायचा, तुम्ही भाजून, कुटून, कालवून द्यायचं आणि किलोमागं मजुरी घ्यायची. मिरचीत अडकलेल्या पैशाचा प्रश्न तिथंच सुटतो, आणि प्रत्येक घरचं प्रमाण तुमच्या वहीत लिहिलं गेलं की पुढच्या उन्हाळ्यात ती बाई दुसरीकडे जात नाही. दुसरी वाट लहान पाकिटाची. किलोच्या भावाला बिचकणारी बाई शंभर ग्रॅम सहज घेते, आणि पुण्याला खोली करून राहिलेल्या पोराला किलोभर चटणी ठेवायला डबाही नसतो. पाकीट विकायचं तर अन्नसुरक्षेची एफएसएसएआय नोंदणी आणि लेबल आधी करा.

मेसवाल्याला माल देऊ का, असंही तुम्ही पत्रात शेवटी विचारलंय. दर महिन्याला तोच रंग आणि तेच तिखट राखता येईल, तेव्हाच द्या.

प्रश्न : रस्त्यात जमीन गेली, मोबदला आला. मुलगा सबसिडीवर कर्ज काढून मोठं युनिट टाकूया म्हणतो. चालणारा धंदा सुचवा.
– एक वाचक, हातकणंगले तालुका

उत्तर : चालणारा धंदा दुसऱ्यानं सुचवून चालत नाही. मुलाला ज्या धंद्याची ओढ आहे, तिथं आधी वर्षभर नोकरी करू दे. पगार कमी असला तरी चालेल, माल कुठून येतो आणि उधारी कुठं बुडते हे तो डोळ्यांनी बघेल.

सबसिडीबद्दल मात्र नीट समजून घ्या. पंतप्रधान रोजगारनिर्मिती योजनेत सर्वसाधारण गटाला ग्रामीण भागात प्रकल्पखर्चाच्या २५ टक्के आणि शहरात १५ टक्के अनुदान असतं. महिला, मागासवर्गीय वगैरे विशेष गटांना ते ३५ आणि २५ टक्के. पण ते तुमच्या हातात पडत नाही. बँकेत तीन वर्षं ठेव म्हणून राहतं आणि युनिट चालू असेल तरच कर्जात वळतं होतं. म्हणजे पहिली तीन वर्षं धंद्यानं स्वतःच्या जिवावर तग धरायची आहे. अर्जाआधी जिल्हा उद्योग केंद्रात जाऊन चालू वर्षाचे नियम विचारून घ्या.

मोबदल्याची मोठी रक्कम पत्नीच्या आणि तुमच्या नावावर ठेवीत टाका, आणि ती पावती तारण ठेवून कुणासाठीही कर्ज काढणार नाही, असं घरात सगळ्यांसमोर बोलून ठेवा. मुलाच्या हातात बुडाली तरी चूल बंद पडणार नाही एवढीच रक्कम द्या, आणि त्या रकमेत त्याला पहिली ऑर्डर आणून दाखवायला सांगा. ऑर्डर आली की मला पुन्हा लिहा. मशीन कोणतं घ्यायचं, नवं की जुनं, ते तेव्हा बोलू.