‘घोडीला सगळं कळतं’ म्हणूनच जास्त भीती वाटते

(पत्र बरंच मोठं होतं. इथे थोडक्यात देते आहे.)

प्रिय ताई,

मी सव्वीस वर्षांची, माझी घोडी नऊ वर्षांची. घोड्यांच्या प्रदर्शनात मोरखी-दोरावर घोडा चालवून दाखवायचा जो गट असतो, त्यात आम्ही दोघी चार वर्षं उतरतोय. माझी मैत्रीणही त्याच गटात असते आणि जवळजवळ दर वेळी माझ्या पुढे असते. घरी घोडी अगदी शहाण्यासारखी वागते. रिंगणाच्या फाटकाशी आलो की माझे हात गार पडतात आणि ती मान उंच करून नाचायला लागते. मागच्या वेळी मैत्रीण पहिली आली, आम्ही पाचव्या. बाहेर पडताना घोडी गवताकडे वळली, तर मी दोराला इतका जोरात हिसका दिला की ती चार पावलं मागे सरकली. तेव्हापासून मोरखी दिसली की मान वर करते. सगळे सांगतात, तू शांत राहा, घोड्याला सगळं कळतं. ते ऐकून मी आणखीच घाबरते. स्पर्धा सोडूनच देऊ का?

– लाजलेली

प्रिय लाजलेली,

आधी एक हिशेब सांगते, रागावू नकोस. तुझ्या मूळ पत्रात मैत्रिणीचा उल्लेख अकरा वेळा आहे आणि घोडीचं नाव एकदा. मी मुद्दाम मोजले. पण त्यावर नंतर बोलू, कारण तुझा खरा प्रश्न शेवटून दुसऱ्या ओळीत आहे.

‘घोड्याला सगळं कळतं’ हे वाक्य लोक प्रेमाने म्हणतात, पण ते अर्धंच खरं आहे. 2009 साली स्वीडनमधल्या संशोधकांचा एक साधा प्रयोग प्रसिद्ध झाला. माणसांनी घोडा घेऊन या टोकापासून त्या टोकापर्यंत चार वेळा जायचं. चौथ्या वेळेआधी त्यांना सांगितलं की आता घोडा जवळून जाताना छत्री उघडणार आहे. छत्री काही उघडली नाही. तरी माणसांच्या हृदयाचे ठोके वाढले आणि त्यांच्याबरोबरच्या घोड्यांचेही वाढले. घोड्यांना छत्रीबद्दल कोण सांगणार? त्यांच्यापर्यंत पोचली ती फक्त धरणाऱ्या माणसाच्या अंगातली भीती.

म्हणजे तुझ्या घोडीला पाचवा नंबर कळत नाही. मैत्रीण कळत नाही, परीक्षक कळत नाही. तिला कळतं की दोर अचानक आखूड झाला, तुझा श्वास अडकला आणि रोज सरळ चालणारी ही बाई आज खांदे कानापर्यंत चढवून चालतेय. कळपात राहणाऱ्या प्राण्याला याचा एकच अर्थ माहीत असतो: जवळपास काहीतरी खाणारं आहे.

यात तुझ्या सोयीची गोष्ट अशी की मन शांत करायची तुला गरजच नाही. मला तरी ते कधी जमलं नाही. आत काय वाटेल ते चालू दे, हात आणि श्वास तेवढे ताब्यात ठेव. दोर हनुवटीखाली गच्च धरू नकोस. त्यात हलकी झोळ दिसली पाहिजे. गच्च धरलास की घोडी मान वर करणारच, आणि तू म्हणणार, बघा, ही नाचतेय. श्वास घेण्यापेक्षा सोडण्याकडे लक्ष दे. फाटकापाशी सावकाश, लांब, जमल्यास आवाज करत सोड. लोक बघेनात का. दुडकीत पळवताना तिच्या खांद्याला खांदा लावून पळ आणि नजर समोर ठेव. पुढे जाऊन मागे वळून तिच्या तोंडाकडे बघत ओढलंस तर कुठलाही घोडा थांबतो.

आणखी एक. आयाळीच्या वेण्या, खरारा, गाडीत चढणं, अनोळखी मैदान, मग घाबरलेली तू: ही साखळी तिच्या डोक्यात पक्की बसली असणार. ती तोड. घरी वेण्या घाल, गाडीत चढव, उतरव आणि चरायला सोड. एखाद्या प्रदर्शनाला नाव न नोंदवता परवानगी घेऊन नुसती घेऊन जा. दोन तास गवत खात उभी राहू दे आणि परत आण. पैसे आणि दिवस वाया गेल्यासारखं वाटेल खरं. पण हे केल्याशिवाय पुढच्या गटात उतरू नकोस, एवढं मात्र मी हट्टाने सांगेन.

आता तो हिसका. घोडीची माफी मागून उपयोग नाही, तिला ती कळणार नाही. आधी जनावरांच्या डॉक्टरला मान आणि डोकं तपासायला सांग. मान वर करण्यामागे दुखणंही असू शकतं, आणि ते नसल्याची खात्री होईपर्यंत बाकी सगळे अंदाजच. काही दुखत नसेल तर दिवसातून दोन-तीनदा मोरखी घेऊन जा, घाल, मानेवर खाजव, काढ आणि निघून ये. मोरखीनंतर काहीच वाईट होत नाही, हे तिला पुन्हा पुन्हा दिसलं पाहिजे. आठवडे लागतील.

स्वतःला राक्षस समजू नकोस. टोकियो ऑलिंपिकच्या मॉडर्न पेंटॅथलॉन या पाच खेळांच्या एकत्रित स्पर्धेत 2021 साली आनिका श्लॉय ही जर्मन खेळाडू पहिल्या स्थानावर होती. घोडेस्वारीची फेरी आली. त्या खेळात चिठ्ठीने मिळालेला अनोळखी घोडा आणि ओळख करून घ्यायला वीस मिनिटं, एवढंच तेव्हा हातात असायचं. घोडा अडला. ती रडत रडत चाबूक मारत राहिली, घोडा आणखी अडला आणि ती एकतिसावी आली. तिच्या प्रशिक्षिकेने घोड्याला ठोसा मारला म्हणून त्या प्रशिक्षिकेला स्पर्धेतून घालवून दिलं. पॅरिस 2024 नंतर या खेळातून घोडेस्वारीच गेली. लोक त्या खेळाडूवर तुटून पडले. मी ते दृश्य बघताना माझेच हात बघत होते. एकदा निकाल लागल्यावर माझ्या घोड्याने नुसतं फुरफुरल्याचा मला इतका राग आला होता की तो आवाज आजही आठवतो.

तेव्हापासून माझा एक नियम आहे, तुलाही देते. निकालानंतरची पहिली दहा मिनिटं दोर दुसऱ्याच्या हातात. फाटकाबाहेर पडलीस की द्यायचा आणि एक चक्कर मारून यायची. सोबत कुणी नसेल तर घोडीला गाडीपाशी बांध, पुढ्यात गवत टाक आणि लांब जा. शिव्या घालायच्या त्या झाडाला घाल. पहिली आलीस तरी हेच. आनंदातही आपण घोड्याच्या कानाशी किंचाळतो.

स्पर्धा सोडू नकोस. जिंकावंसं वाटणं हा काही आजार नाही. फक्त ती खुमखुमी खपवायची जागा रिंगण नाही. ती रोजच्या खराऱ्यात, तिच्या अंगाची चमक, खुरांची निगा आणि उभं राहण्याची सवय यांत जिरव. घोड्याच्या शरीराच्या ठेवणीवर गुण मिळतात त्या गटात निम्मा निकाल तू फाटकातून आत येण्याआधीच लागलेला असतो. तिच्या मागच्या पायांची ठेवण तुला घाम फुटल्याने सुधारत नाही. गट संपल्यावर परीक्षकांना नम्रपणे विचार, कुठे कमी पडलो? बरेच जण मनापासून सांगतात. त्यापेक्षा आकडे बरे वाटत असतील तर ड्रेसाजच्या, म्हणजे घोड्यावर बसून ठरलेल्या हालचाली करवून दाखवायच्या, छोट्या चाचण्या करून बघ. त्यात प्रत्येक हालचालीला शून्य ते दहापैकी गुण आणि शेरा लिहून मिळतो. मागच्या वेळचा कागद काढून स्वतःशीच भांडता येतं.

राहिली मैत्रीण. तिचा घोडा कदाचित खरंच सरस असेल. हे तू पत्रात कुठेच लिहिलेलं नाहीस, म्हणून मीच लिहिते. पुढच्या प्रदर्शनात ती दहा मिनिटं दोर धरायला तिलाच सांगून बघ. नाही म्हणेल असं मला वाटत नाही.

आणि मोरखीचं काय झालं ते महिन्याभराने कळव. मान कुठपर्यंत खाली आली, तेवढंच लिहिलंस तरी चालेल.

तुझी,
ताई