‘भांडं ठेवलं की उलटं करतो, काय करू?’

कुत्र्यांच्या वागण्याच्या तक्रारी सोडवणं हे माझं काम. उन्हाळा तोंडावर आला की मला येणाऱ्या फोनांमध्ये एक तक्रार हमखास असते. "ताई, कुत्रा पाण्याचं भांडं सारखं उलटं करतो. जेवणाचं भांडं तर घरभर फिरवतो. रागावून झालं, फटका देऊन झालं, काही फरक नाही. हट्टी आहे का हो?" नाही, हट्टी नाही. त्याला त्यातून काहीतरी मिळतंय. काय मिळतंय ते सापडलं की भांडं जागेवर राहतं, हे मी इंदूरच्या कितीतरी घरांत पाहिलंय.

त्यातलंच एक घर सुदामा नगरातलं. ओळख पटू नये इतपत तपशील बदलून सांगते. काका-काकू, नोकरी करणारे मुलगा-सून आणि दोन वर्षांचा लॅब्रॅडॉर, गुंड्या. काकू अगदी कावल्या होत्या, आणि का कावणार नाहीत? नर्मदेचं पाणी जलूदहून ७० किलोमीटर चढवून आणायचं, तेही त्यांच्या नळाला एक दिवसाआड, आणि या पठ्ठ्यानं ते फरशीवर ओतून त्यात फतकल मारायची!

"मग मी दुपारचं पाणी ठेवणंच बंद केलं," काकू म्हणाल्या.

हे मात्र मी तिथल्या तिथे थांबवलं. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. तो धापा टाकून अंग थंड ठेवतो आणि त्यात शरीरातलं पाणी जातं. वजनाच्या दर किलोमागे दिवसाला साधारण ५० ते ६० मिलिलिटर पाणी धरा. म्हणजे २८ किलोच्या गुंड्याला दीड लिटरच्या आसपास, आणि उन्हाळ्यात त्याहून जास्त. शिक्षा म्हणून पाणी काढून घ्यायचं नाही, कधीच नाही.

मग मी एकच काम दिलं. भांडं उलटं झालं की वेळ लिहायची, आणि तेव्हा घरात कोण काय करत होतं तेही. काकांचं आयुष्य बँकेत गेलेलं, त्यामुळे नोंदी चोख. दुपारी सगळे आडवे झाले की एकदा, संध्याकाळी टीव्ही लागला की एकदा. सकाळी काका त्याला बागेत फिरवून आणतात, तेव्हा एकदाही नाही.

"आणि घरात कोणीच नसतं तेव्हा?"

काकांनी वही चाळली. "परवा लग्नाला गेलो होतो सगळे. परत आलो तर भांडं जसंच्या तसं. फरशीसुद्धा कोरडी."

पुढचं मी स्वतः बघितलं. गुंड्या भांड्याशी आला, थोडं प्यायला, उजवा पंजा पाण्यात घातला आणि थांबला. पाण्याकडे बघेचना, कान स्वयंपाकघराकडे लागलेले. मग पंज्यानं काठ ओढला. स्टीलचं भांडं फरशीवर खर्रकन घासलं. पुन्हा थांबला, पुन्हा कान टवकारले. आतून कोणी येत नाही म्हटल्यावर भांडं उलटं. काकू पोछा घेऊन धावल्या, "अरे मेल्या, परत?" गुंड्यानं पोछ्याचं टोक दातात धरलं. काकू इकडून ओढताहेत, तो तिकडून, आणि शेपूट गरागरा फिरतंय.

"काकू, आज दिवसभरात याच्याशी कितीदा बोललात?"

त्या पोछा हातात धरून तशाच उभ्या राहिल्या. "हे आत्ताचंच. दुपारीही... हेच." मग हळूच म्हणाल्या, "म्हणजे हा मला ओरडा खायला बोलावतोय?"

"तुम्हाला बोलावतोय. तुम्ही ओरडता की लाड करता, त्याला दोन्ही चालतं."

अशा क्षणी मी घाई करत नाही. बरणीभर सल्ले माझ्याकडे तयार असतात, पण माणसाला स्वतःला दिसलेलं जितकं टिकतं तितकं माझं सांगणं टिकत नाही. कुत्रा घरावर सत्ता गाजवू बघतो म्हणून असं वागतो, असं सांगणारे पुष्कळ भेटतात. मला ते कधीच पटलं नाही. थॉर्नडाइक या मानसशास्त्रज्ञानं १८९८ मध्ये पेटीतून सुटू पाहणाऱ्या मांजरांवर प्रयोग करून मांडलं की ज्या कृतीतून फायदा होतो ती पुन्हापुन्हा केली जाते. माझं सगळं काम याच पायावर उभं आहे, आणि गुंड्याचं भांडंही त्याच हिशेबात बसतं.

म्हणून हिशेबच बदलायचा. सांडलं तर बोलायचं नाही, बघायचं नाही. तो दुसरीकडे गेला की गुपचूप पुसायचं आणि पाणी पुन्हा ठेवायचं. पहिले काही दिवस तो जास्तच आपटेल, कारण रोजचा उपाय चालेनासा झालेला असतो. बहुतेक घरं नेमकी इथेच हार मानतात. आणि याची दुसरी बाजू जास्त महत्त्वाची. भांडं शांत असताना आपण होऊन त्याच्याकडे जायचं. काकूंनी दुपारी आडवं होण्याआधी दहा मिनिटं त्याच्यासाठी ठेवली, ओढाओढी जुन्या टॉवेलशी, पोछ्याशी नाही. स्टीलच्या भांड्याऐवजी रुंद बुडाची जड दगडी कुंडी कोपऱ्यात आली. लॅब्रॅडॉरला मुळात पाण्याचं वेड, शिवाय गरमीत पंजे ओले करायला कुत्र्यांना आवडतंच. म्हणून अंगणात उथळ घमेलं वेगळं भरून ठेवलं.

जेवणाच्या भांड्याचं कारण बहुधा निराळं असतं. कोरडं खाणं अर्ध्या मिनिटात संपतं, मग उरतं ते रिकामं भांडं आणि रिकामा दिवस. जेन्सन या मानसशास्त्रज्ञानं १९६३ मध्ये दाखवलं की बशीत फुकट खाणं असतानाही उंदीर खटका दाबून खाणं मिळवत राहतात. सगळीच जनावरं तशी नसतात, पण पुष्कळ कुत्र्यांना अन्न शोधायला आवडतं. म्हणून अर्धं खाणं टॉवेलच्या घड्यांत गुंडाळून द्या किंवा गवतावर पसरा, आणि खाऊन झालं की भांडं उचला. घरात दोन कुत्री असतील आणि खाण्यावरून भांडत असतील, तर हे दोघांना वेगवेगळ्या खोल्यांत.

पिल्लू चार-सहा महिन्यांचं असेल तर दात येताहेत, ते भांडं चावणारच, त्याला चावायला दुसरं काही द्या. मोठ्या कुत्र्यानं एकाएकी हे सुरू केलं असेल, किंवा तो भांड्याशी येऊन न खाताच परत जात असेल, तर माझ्याआधी पशुवैद्याकडे जा. दात दुखत असेल, मळमळत असेल. आणखी एक, सांडणाऱ्या कुत्र्यानं प्यायलेलं पाणी कोणी मोजत नाही. रोज मापानं भरा. दिवसाला किलोमागे १०० मिलिलिटरच्या वर पिणं जाऊ लागलं तर तपासणी हवीच.

मे महिन्यात काकूंचा फोन आला. दोन दिवस पुन्हा उलटं करत होता. मी काही विचारायच्या आत त्याच म्हणाल्या, "उन्हामुळे ह्यांनी सकाळचं फिरणं बंद केलं होतं ना! आता साडेपाचला जातात. आणि दुपारी मी याचं खाणं पाण्यात घालून बर्फ जमवते, घमेल्यात टाकते. तासभर बसतो चाटत."