ऑर्डरीची डायरी टॅबलेटवर नेताना

प्रश्न : आम्ही लग्न, मुंज, बारसे अशा कार्यांच्या जेवणाच्या ऑर्डरी घेतो. गेली एकोणीस वर्षे मी सगळ्या नोंदी एका पानाला एक तारीख असलेल्या डायरीत करते. यंदा मुलाने आयपॅड आणि पेन्सिल आणली, पडद्यावर हाताने लिहिण्याचे गुडनोट्स हे ॲप घातले आणि एक देखणा तयार इंग्रजी प्लॅनरही विकत घेऊन दिला. दोन महिने प्रयत्न करूनही त्यात माझा हात बसत नाही आणि मी पुन्हा डायरीच उघडते. हा बदल करण्यात खरेच काही अर्थ आहे का? असल्यास सुरुवात कशी करावी?
— एक वाचक, कराड

उत्तर : ताई, बदल करण्यात निश्चितच अर्थ आहे, मात्र तो विकतचा प्लॅनर आधी बाजूला ठेवा, कारण तो आखणाऱ्याच्या डोळ्यांसमोर तुमचे काम नव्हतेच. त्यात दिवसभरात किती पेले पाणी प्यायले याची चौकट असते, पण जेवणारी पाने किती, विसार किती मिळाला आणि आचारी कोण ठरला हे लिहायला जागा नसते. तिथी-मुहूर्तांचा तर त्याला पत्ताच नसतो. २०२६ सालचेच उदाहरण घ्या. १७ मे ते १५ जून हा अधिक ज्येष्ठ आहे, म्हणजे ऐन हंगामात लग्ने थांबणार आणि जावयाच्या वाणासाठी तेहतीस-तेहतीस अनारशांच्या ऑर्डरी येणार. तुमच्या व्यवसायाचे सारे गणित बदलणारा हा महिना त्या प्लॅनरमध्ये इतर महिन्यांसारखाच कोरा दिसतो.

टॅबलेटची खरी सोय ही की पान आपल्याला हवे तसे आखता येते. त्यासाठी गेल्या वर्षीची डायरी घेऊन बसा आणि एका हंगामाची पाने सावकाश वाचा. छापील रेघा सोडून तुम्ही समासात, कोपऱ्यात, आडवे-तिडवे जे लिहिले आहे, तीच तुमच्या नव्या पानाची रूपरेषा. तिथी, स्थळ, सकाळची आणि संध्याकाळची जेवणारी पाने, विसार व बाकी, आचारी, वाढपी, भाड्याची भांडी, आणि यजमानांकडच्या ज्या एका माणसाशी बोलायचे त्याचा फोन, एवढे रकाने बहुधा पुरतील. मुलाला हे पान गूगल स्लाइड्समध्ये, पडद्याला जुळणाऱ्या चार-तीन प्रमाणात आखायला सांगा. आधी बारा महिन्यांची बारा पाने करावीत, मग एका पानाच्या उजव्या कडेला बारा खुणा काढून प्रत्येक खूण त्या-त्या महिन्याच्या पानाला जोडावी, आणि त्या खुणांची नक्कल उरलेल्या पानांवर चिकटवावी. ही फाइल पीडीएफ स्वरूपात उतरवून गुडनोट्समध्ये घेतली की झाला तुमचा प्लॅनर. ऑर्डरीच्या कोऱ्या पानाच्या हव्या तितक्या प्रती तिथल्या तिथे काढता येतात, त्यामुळे मुहूर्ताच्या दिवशी चार पाने आणि रिकाम्या दिवशी एकही नाही, असे करता येते. छापील डायरीत हे शक्यच नव्हते.

सुरुवातीला एक अडचण हमखास येते. महिन्याच्या खुणेवर पेन्सिल टेकवली की पान उघडण्याऐवजी शाईचा ठिपका उमटतो, आणि आपलेच काहीतरी चुकते असे वाटू लागते. लिहिण्याची आणि वाचण्याची अवस्था वेगवेगळी असते. वरच्या पट्टीतील पेन्सिलीच्या चिन्हावर टिचकी मारून वाचनाची अवस्था आणली की खुणा चालू लागतात.

खरा फायदा तुम्हाला कार्याची तारीख बदलेल तेव्हा कळेल. डायरीत अशा वेळी पानभर काट मारून, बाण काढून, सगळे पुन्हा लिहावे लागते. येथे ‘लासो’ हे साधन घेऊन मजकुराभोवती पेन्सिलीने वर्तुळ काढायचे, तो तुमच्याच अक्षरात उचलायचा आणि नव्या तारखेच्या पानावर ठेवायचा. तेच पान आचाऱ्याला व्हॉट्सॲपवर पाठवताही येते.

जुन्या एकोणीस डायऱ्या उतरवण्याच्या फंदात पडू नका. दोनशे पानांना बासुंदीसाठी दूध किती, मसालेभाताला तांदूळ किती, अशी प्रमाणे लिहिलेली पाने तेवढी शोधून त्यांचे स्कॅन प्लॅनरच्या शेवटी जोडा. त्या पानांचे मोल फार मोठे आहे. पावतीपुस्तक मात्र कागदाचेच ठेवा, कारण यजमानांची सही आणि कार्बनची प्रत विसाराच्या वेळी हाताशी हवी. चुलीपाशी लावायची यादीही कागदावरच बरी. गुडनोट्सची आपोआप प्रत गूगल ड्राइव्हवर जाण्याची सोय पहिल्याच दिवशी चालू करून घ्या.

राहिला प्रश्न दोन्हीकडे लिहिण्याचा. ते कृपा करून करू नका. मी स्वतः पहिला महिनाभर तसे केले. एका भेटीची बदललेली वेळ टॅबलेटवर नोंदवली, कागदावर राहून गेली, आणि वयाने थोर अशा एका बाई माझी तासभर वाट पाहत बसल्या. तुमच्या व्यवसायात अशा चुकीने एकाच मुहूर्ताला दोन कार्ये घेतली जातील. म्हणून एक दिवस ठरवा. त्या दिवशी, आधी घेतलेल्या ऑर्डरींच्या तारखा टॅबलेटवरील महिन्याच्या पानांवर नुसत्या भरल्या म्हणून खुणा करून घ्या, म्हणजे मोकळे दिवस एकाच ठिकाणी दिसतील. त्या ऑर्डरींचा बाकी तपशील डायरीतच पुरा होऊ द्या आणि त्यानंतर येणारी प्रत्येक ऑर्डर, मग ती बारशाची का असेना, टॅबलेटवरच लिहा.