काविळीचा गुन्हेगार दीड महिना मागे शोधा

प्रश्न : माझ्या रहस्यकादंबरीत दांडिया बाजारातल्या एका काल्पनिक वाड्यात काविळीची साथ येते. डॉक्टर नायिका तिसऱ्या दिवशी नळाचं पाणी तपासते, त्यात विषाणू सापडतो आणि उलगडा होतो. मैत्रीण म्हणते, हे पटत नाही. काय चुकलं?
– एक वाचक, बडोदे

उत्तर : मैत्रिणीचं बरोबर आहे. मोठ्या माणसांत पाण्यामुळे अशी साथ आली की पहिला संशय हेपॅटायटिस ईवर, म्हणजे दूषित पाण्यातून पसरणाऱ्या, यकृताला सूज आणणाऱ्या विषाणूवर. दूषित पाणी पोटात गेल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत १५ ते ६० दिवस जातात, सरासरी सुमारे ४०. कॉलरा असता तर काही तास ते ५ दिवस. म्हणजे नायिका बाटली घेऊन पोचेपर्यंत पाइपचा फुटलेला सांधा बदलून वर फरशीही बसलेली असेल. नमुना स्वच्छ येऊ द्या. रहस्य तिथूनच सुरू होतं.

आता तिच्या हाती वही द्या. आधी रुग्ण कोणाला म्हणायचं ते ठरवावं: अमुक तारखेनंतर डोळे पिवळे आणि लघवी गडद. मग प्रत्येकाची एक ओळ: वय, घर, पाणी कुठलं, पहिलं लक्षण कधी. दवाखान्यात गेल्याची तारीख घेतली तर हिशेब आठवडाभर सरकतो. तिच्या साहाय्यकाकडून ही चूक जरूर करवा. तारखांचा आलेख मांडून शिखरापासून ४० दिवस मागे जायचं आणि त्या सुमारास खोदकाम झालं का, पाण्याला वास होता का, हे विचारायचं. पाणी ठरावीक वेळच येतं, लोक नळाला थेट मोटर जोडतात, दाब उतरतो आणि गटाराचं पाणी सांध्यातून आत ओढलं जातं.

खरा पुरावा मात्र अपवादांत असतो. १८५४च्या लंडनमधल्या कॉलऱ्यात दूर हॅम्पस्टेडला राहणारी एक विधवा दगावली. चव आवडते म्हणून ती साथीचं मूळ ठरलेल्या ब्रॉड स्ट्रीटच्या पंपाचं पाणी रोज मागवायची. तुमच्याकडे लांबून शिकवणीला येणारा मुलगा आजारी पाडा, आणि वाड्यातलंच पाणी उकळून पिणारं एक घर ठणठणीत ठेवा.

'क्लोरीन होतं' हा बचाव कोणीतरी करेलच. १९५५-५६च्या दिल्लीच्या साथीत नाल्याचं पाणी पिण्याच्या पाण्यात उलटं शिरल्यावर क्लोरीन वाढवलं होतं. टायफॉइड वाढला नाही, कावीळ मात्र सुमारे २९,००० जणांना झाली.

वाड्यात गरोदर सून असेल तर जपून लिहा. शेवटच्या तिमाहीत या आजाराने २० ते २५ टक्के बायका दगावू शकतात.